ज्ञानेश्वरच्या जागी जपानी

८ नोव्हेंबर, शनिवार

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. आज उघडली, कारण जे झालंय ते तोंडाने कुणाला सांगायची सोय नाही.

काल आमच्या भागाचे पुढारी काकासाहेब यांचा वाढदिवस. मिरजगावात हायवेला, स्टँडसमोर, वीस बाय दहाचा बॅनर. डिझाईन माझं, फ्लेक्सचं दुकानच आहे माझं. वर काकासाहेब हात जोडून, मागे उगवता सूर्य, खाली शुभेच्छुकांचे एकवीस गोल. वीस जणांचे फोटो मंगळवारीच आले होते. राहिला फक्त ज्ञानेश्वर. तो म्हणाला, "थांब की अमृत, नवा शर्ट शिवायला टाकलाय. कर्जतला जाऊन चांगला फोटो काढून आनतो."

आता आमच्या धंद्यात गोल रिकामा ठेवून चालत नाही. साहेबांना मोबाईलवर नमुना पाठवला की ते चेहरे बघत नाहीत, गोल मोजतात. एक जरी रिकामा दिसला तरी लगेच फोन, "कोन फुटला रं?" म्हणून फोटो येईपर्यंत मी तिथे काहीतरी बसवून ठेवतो. एरवी गुलाबाचं फूल असतं. गुरुवारी हाताशी आला तो हायातो मिनेगिशी.

हा जपानचा फुटबॉलवाला. माझी बायको ज्योती रोज त्याचे व्हिडिओ बघते. मैदान सोडताना तो गवताला वाकून नमस्कार करतो, आणि एवढ्यावर जगातली तीन कोटी माणसं त्याच्यावर फिदा आहेत. ज्योती म्हणते, बघा किती संस्कारी. त्याचा फोटो कापडी पिशवीवर छापून द्या म्हणून तिने तो माझ्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवला होता.

साडेचारला साहेबांचा फोन आला. "एकवीस हाईत न्हवं? मग पाठव नगरला." मी पाठवला. ज्ञानेश्वरचा फोटो आला पाच वाजून दहा मिनिटांनी. तोवर नगरला छपाईला लागलं होतं. सकाळच्या जीपने गुंडाळी आली ती पोरांनी परस्पर बांधली, आणि मी दहाला जाऊन बघतो तर खाली ठळक नाव, "श्री. ज्ञानेश्वर, युवा कार्यकर्ते", आणि वर मिनेगिशी, कपाळावर केस, गालाला खळी.

शिडी आणायला वळलो तोवर साहेबांची गाडी आली, फटाके लागले, हार सुरू झाले. म्हटलं, संध्याकाळी उतरवू. शुभेच्छुकांकडे कोण बघतंय?

१० नोव्हेंबर, सोमवार

बघणाऱ्याने बघितलं. सोलापूरकडे निघालेला कुणी गाडीवाला चहाला थांबला, त्याने बॅनरचा फोटो काढला, इंटरनेटवर टाकला आणि वर लिहिलं, "मिनेगिशी अखेर काकासाहेबांच्या गटात." काल दुपारपर्यंत तो फोटो पुण्या-मुंबईत फिरला आणि आज सकाळी जपानला पोचला. तिकडच्या पोरी मिनेगिशीला 'ज्ञानेश्वर-सान' म्हणून हाका मारायला लागल्यात. एकीने तर ते नाव वहीत दहादा गिरवून दाखवलंय. 'ज्ञ' काढताना तिची जीभ बाहेर आली होती.

साडेअकराला खुद्द मिनेगिशीने फोटोला बदाम दिला. ज्योती दुकानात धावत आली. "अहो, त्यानं बघितला! आपल्या मिरजगावचा बॅनर त्यानं बघितला!"

खोटं कशाला लिहू, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. मग आठवलं, बॅनर अजून उतरवायचा राहिलाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असताना साहेबांचा माणूस आला. "खाली उतर. बोलावलंय."

मी पाय धरायच्या तयारीनेच गेलो. "साहेब, चूक झाली माझी, ज्ञानेश्वरचा फोटो उशिरा..."

"चूक?" काकासाहेब हसले. "येड्या, चाळीस लाख लोकांनी माझा वाढदिवस बघितला. वरून फोन आला मला. म्हनले, काकासाहेब, हे डोकं कुनाचं? मी म्हनलो, माझंच. आता तू चूक म्हनून बोंबलत हिंडला तर मी खोटा पडतो का न्हाई?"

"पण ज्ञानेश्वर..."

"त्याला काय झालं? आपलाच पोरगा हाय. जपानपत्तुर नाव गेलं त्याचं." मग पेढा पुढे करत त्यांनी सहज विचारलं, "गाळा बरा चाललाय न्हवं?"

माझं दुकान साहेबांच्याच गाळ्यात आहे. पेढा तिथेच खावा लागला. शिडी परत आणून ठेवली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ज्ञानेश्वर आला होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. नऊ वर्षं झाली, तो साहेबांच्या सभेच्या सतरंज्या उचलतो, खुर्च्या मांडतो, माईकवाल्याला चहा नेऊन देतो. बॅनरवर येण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

स्टुलावर तासभर बसला. "बॅनर काढतो म्हनला हुतास," एवढंच बोलला.

मी म्हणालो, "साहेब नको म्हणतात रे."

"बरं."

मग तो मिनेगिशीचा एक व्हिडिओ बघत बसला. सलूनमध्ये, दूध डेअरीवर, सगळीकडे पोरं त्याला 'ओ जपान' म्हणतात असं कळलं. मी म्हटलं, हसण्यावारी ने, चार दिवसांत लोक विसरतील. तो हसला. मला जरा हलकं वाटलं.

नवा शर्टच घालून आला होता. परवाही तोच अंगात होता. शेतात जाणाऱ्या माणसाला एवढा शौक कशाला हवा, कुणास ठाऊक.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज खरं काय ते कळलं. ज्ञानेश्वरचं लग्न जमत आलं होतं.

माहीजळगावचे राधाकृष्ण आबा, त्यांची मुलगी दिशा. मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. आमच्याकडे शेतीवाल्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते सांगायला नको. ज्ञानेश्वर एकतीसचा झाला, सात ठिकाणी नकार पचवलेत त्याने. इथे मात्र आबांना मुलगा पसंत होता. "पुढाऱ्यात ऊठबस हाय, बॅनरवर फोटो येनार हाय," असं मध्यस्थाने सांगून ठेवलं होतं. म्हणजे नव्या शर्टाचं कारण हे होतं.

आबांच्या पोराने मोबाईलवर नाव टाकून बघितलं. पुढे आला मिनेगिशी, आणि त्याखाली ज्ञानेश्वरच्या नावाने केलेले हजारभर विनोद. आबा म्हणाले, "ज्याला दुनिया हसती त्याला पोरगी कशी द्यावी? उद्या तिला जपानची सून म्हनतील." मग म्हणाले, त्यानं हौसेनं केलं असंल तर आपलं जमनार न्हाई. पन त्या फ्लेक्सवाल्याची चूक असंल, तर त्यानं चार मान्सांत येऊन सांगावं. मग आमाला काही म्हनायचं न्हाई.

हे ज्ञानेश्वरने मला दुकानाबाहेर उभं राहून सांगितलं. आत आला नाही.

"तू फकस्त सांग, अमृत. चूक झाली म्हन. दोन वाक्यं."

दोन वाक्यं. मी म्हणालो, बघतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर गाळा जातो आणि त्याबरोबर साहेबांच्या सगळ्या माणसांची कामं जातात, म्हणजे सगळाच धंदा. न सांगावं तर ज्ञानेश्वरचं जातं.

पण असंही वाटतं की आबांनी एवढा बाऊ करायला नको होता. मुलगा चांगला आहे हे त्यांना दिसत नाही का? चूक त्यांचीही आहेच ना थोडी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी नवीन काढलंय. रविवारी 'मिनेगिशी चषक'. मिरजगावात कुस्ती झाली, क्रिकेट झालं, पण फुटबॉल फक्त टीव्हीत. बाजारतळावर बांबूचे दोन खांब रोवलेत. चेंडू पुण्याहून येतोय. आठ संघ जमलेत, त्यातल्या पाच संघांना गडी किती लागतात ते माहीत नाही.

मला काम दिलंय ते वेगळं. साहेब म्हणाले, "त्याचा शुभेच्छा संदेश पायजे. जपानी अक्षरात वर, मराठीत खाली. फ्रेम कर. तूच वाचायचा स्टेजवर."

"साहेब, त्यानं पाठवला नाहीये."

"एकविसाव्या गोलात त्यो बसला तवा त्याला इचारलं हुतं का तू?"

मी फ्रेमचं माप लिहून घेतलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ज्ञानेश्वरला मीच गाठलं. म्हटलं, रविवारी स्टेजवर माईक माझ्या हातात आहे. आबांना घेऊन ये, पुढे बसव. चारच काय, चार हजार माणसांत सांगतो. एकदा तोंडातून गेलं की साहेब तरी काय करणार? लोकांपुढे हसून साजरं करावंच लागेल त्यांना.

तो माझ्याकडे बघत राहिला. "नक्की?"

"आईची शपथ."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात खरखरीत झालेत फार. घरी येऊन ज्योतीला सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी नीट बोलली माझ्याशी. शिरा केला. मला वाटतं, तिला मिनेगिशी चषकाचं अप्रूप असेल.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

गर्दी मावत नव्हती. कॅमेरावाले नगरहून आले होते. पहिल्या रांगेत राधाकृष्ण आबा, धुवट टोपी घालून, शेजारी त्यांचे भाऊबंद. ज्ञानेश्वर स्वतः खुर्च्या मांडत होता. आबांना खुर्ची देताना त्याने ती शर्टाच्या बाहीने पुसली.

सत्कार झाले, शाल-नारळ झाले. मग निवेदकाने माझं नाव पुकारलं. माईक हातात आला. डाव्या हाताला फ्रेम, समोर आबा, मागे साहेब. साहेब पुढे झाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, फोटोला उभं राहतात तसे.

मी तोंड उघडलं. "मी अमृत. फ्लेक्सवाला." लोक हसले. "मला एक सांगायचंय." साहेबांच्या हाताचा भार मला आठवतो. बोटं नव्हती दाबली त्यांनी, नुसता हात होता.

आणि मी वाचलं. "मिरजगावच्या माझ्या तमाम बंधू-भगिनींनो, काकासाहेबांसारखं नेतृत्व लाभलं हे तुमचं भाग्य. माझे परममित्र ज्ञानेश्वर यांच्या जागी तुम्ही मला स्थान दिलंत..."

टाळ्या. 'जपान, जपान' म्हणून पोरं ओरडायला लागली. साहेबांनी ज्ञानेश्वरला स्टेजवर ओढलं आणि मिनेगिशीच्या नंबरची निळी जर्सी त्याच्या नव्या शर्टावरून चढवली. तो हसत होता, टाळ्याही वाजवत होता. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झाली, मग तिच्या शेजारच्या तीन.

ज्योती बायकांत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, डोकं दुखतंय, आणि पोळ्या टाकून भिंतीकडे तोंड करून पडली. उन्हात बसल्यामुळे असेल.

मला माझी लाज वाटते. हे एवढं एक वाक्य खरं आहे आजच्या पानावर.

२ डिसेंबर, मंगळवार

माहीजळगावहून नकार आला.

४ डिसेंबर, गुरुवार

ज्ञानेश्वर दुकानात आला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "एक काम हुतं. त्या बॅनरवरचं माझं नाव काढ."

"फोटो टाकतो ना तुझा," मी घाईने म्हणालो. "आत्ता नवा छापून..."

"फोटो नगं. नाव काढ. त्यो गोल त्याला राहू दे." मग स्टुलावरून उठता उठता म्हणाला, "आई बाजारात जात न्हाई हल्ली. पोरं तिला जपानची आई म्हनत्यात. तिला वाटतं मी कायतरी गुन्हा केलाय. सांगून थकलो."

तो गेल्यावर मी त्याचा फोटो उघडून बघितला, कर्जतला काढलेला. एक महिना माझ्या मोबाईलमध्ये पडून आहे. मान थोडी वर, केस पाणी लावून बसवलेले. मेहनतीने हसलाय.

मग मी उठलो, हायवेला गेलो, बॅनरखाली उभा राहिलो आणि मोबाईल समोर धरून सगळं बोललो. रिकामा गोल का ठेवत नाहीत, साडेचार, पाच दहा, गाळा, खोटा संदेश, खांद्यावरचा हात, सगळं. ज्ञानेश्वरचा खरा फोटो दाखवला. शेवटी रडू आलं, तेही तसंच राहू दिलं. आणि टाकून दिला व्हिडिओ. गाळा गेला तर गेला.

एवढं मोकळं मला लग्नातही वाटलं नव्हतं. ज्योतीने दोनदा बघितला. मग पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला.

६ डिसेंबर, शनिवार

अकरा लाख लोकांनी बघितला.

खाली लोकांनी लिहिलंय ते उतरवतो. "फ्लेक्सवाला एक नंबर ॲक्टर." "रडायचा सीन कडक." "गोल मोजतात हा पंच भारी होता." "खरा ज्ञानेश्वर म्हणून कुणाला उभं केलंय? मेकअप झकास." "खरा ज्ञानेश्वर तर आमचा मिनेगिशीच." कुणी त्याखाली जपानी अक्षरं घातली आणि तो तिकडेही गेला. तिकडच्या पोरी हसून हसून रडल्या म्हणे.

मी प्रत्येकाला उत्तर दिलं, की हे खरं आहे. त्यावरही हसण्याची चिन्हं आली.

दुपारी साहेबांचा फोन. मी उभा राहून घेतला. गाळा रिकामा करायची तयारी मनात चालूच होती.

"अमृत, लेका, तू तर कलाकार निघाला!" ते म्हणाले. "खांद्यावरच्या हाताचं तर लई ग्वाड रंगवलंस. पुढचा कधी टाकतो?"

७ डिसेंबर, रविवार

ज्ञानेश्वरने व्हिडिओ बघितला का, ते कळायला मार्ग नाही. फोन बंद आहे. घरी गेलो तर त्याची आई दारातूनच म्हणाली, "कांद्याला पानी द्याया गेलाय." मळ्यात गेलो तर मोटर चालू होती आणि तो नव्हता.

९ डिसेंबर, मंगळवार

आज ठरवलं, मोबाईल नको, माईक नको. आबांनी सांगितलं होतं तसंच करायचं. चार माणसांत, तोंडाने. एकट्यानेच गाडी काढून माहीजळगावला गेलो.

आबा ओसरीवरच होते. त्यांचे दोन भाऊ, आणि वीटभट्टीवाले एक पाव्हणे. मोजली तर बरोबर चार माणसं. दारात एक मुलगी उभी होती, ती दिशा असावी.

मी चप्पल काढली, हात जोडले आणि उभ्यानेच सांगितलं. "आबा, चूक माझी. ज्ञानेश्वरचा फोटो उशिरा आला, मी दुसरा ठेवून दिला आणि बदलायचा राहिला. त्याला काही माहीत नव्हतं. नंतर मी भिऊन खरं बोललो नाही. त्या दिवशी स्टेजवर तुमच्यासमोरही भिऊन खोटं वाचलं. पोरगा सोन्यासारखा आहे. माझ्यामुळे त्याचं मोडू नका."

सगळे शांत ऐकत होते. आबांची मान हलत होती. मला वाटलं, झालं, पोचलं.

आबांनी टाळी वाजवली. मग बाकी तिघांनीही वाजवली.

"वा!" आबा म्हणाले. "मोबाईलवर बघितला त्याच्यापरीस समोर लई भारी वाटतं बरं का. कॅमेरा कुठं ठिवलाय?"

"आबा, कॅमेरा नाही. मी खरंच सांगतोय."

"तसंच म्हनायचं असतंय," वीटभट्टीवाले पाव्हणे समजुतीने हसले. "आमच्या नातवानं सांगितलंय. कॅमेरा दिसू देत न्हाईत."

मी खिशातला मोबाईल काढला, बंद केला आणि आबांच्या हातात दिला. म्हटलं, हा घ्या, बघा, बंद आहे. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, उलटापालटा करून काळ्या काचेत बघितलं आणि टोपी सरळ केली. आतल्या बाजूला वळून ओरडले, "अगं, चहा टाक! आन् चांगलं पातळ नेसून ये, ते मिरजगावचे आल्यात!"

चौघं हसत होते. दारातली मुलगी तेवढी हसत नव्हती. ती माझ्याकडे एकटक बघत होती, आणि मी तिच्याकडे वळून पुन्हा "खरंच" म्हणालो तेव्हा आबांनी तिला हाताने आत जायची खूण केली. ती गेली.

आबांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि सरसावून बसले. "हां, आता परत एकदा, पहिल्यापास्नं. आन् ह्या टायमाला मगाच्यावानी नुसतं आबा म्हनू नका. पुरं नाव घ्या माझं."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, त्यांचं पूर्ण नाव घेऊन.